पोटाच्या आजाराचा पेशंट आणि नर्सची नजर : वॉर्डात नव्याने येणाऱ्यांसाठी

पोटाच्या तक्रारीने दाखल झालेलं कुत्रं किंवा मांजर पिंजऱ्यात आलं की नवी नर्स आधी सलाईनच्या थेंबांकडे बघते. मी हाताखाली शिकणाऱ्या मुलामुलींना आधी पेशंटच्या तोंडाकडे बघायला लावते. ओठ सारखे चाटतोय का, तोंडात काही नसताना घोट गिळतोय का, हनुवटी लाळेने ओली आहे का, ताटली पुढे सरकवल्यावर वास घेऊन मान फिरवतोय का. मांजर असेल तर अंग आक्रसून पाण्याच्या भांड्यावर तोंड धरून, न पिता नुसतं बसलंय का. ही मळमळ. उलटी सगळ्यांना दिसते, ऐकू येते, पिंजरा पुसावा लागतो. मळमळ मात्र समोर बसून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि डॉक्टरांच्या दोन राउंडच्या मधल्या वेळात समोर बसणारं माणूस म्हणजे आपणच.

इतक्या आग्रहाने सांगायचं कारण आहे. मारोपिटंट हे औषध उलटी छान थांबवतं, पण उलटी थांबली म्हणजे मळमळही गेली असं नसतं. आमच्याकडे दाखल असलेल्या एका भुऱ्या मांजरीच्या चार्टवर ‘उलटी नाही, खात नाही’ एवढीच नोंद होती. रात्रपाळीच्या मुलीने त्यापुढे लिहिलं : ‘अन्न जवळ नेलं की ओठ चाटते, लाळ गळते, मागे सरकते.’ त्या एका ओळीवर सकाळी डॉक्टरांनी ओंडान्सेट्रॉन हे मळमळीवरचं औषध जोडलं आणि नंतर ती मांजर स्वतःहून ताटलीपाशी आली. (जाता जाता : मारोपिटंटचं इंजेक्शन बऱ्याच प्राण्यांना झोंबतं. फ्रिजमधून काढून गार असतानाच दिलं तर कमी झोंबतं.)

म्हणून नोंद कशी लिहायची हे पहिल्या आठवड्यातच हाताला वळण लावून घ्या. ‘उलटी झाली’ एवढ्याने भागत नाही. किती वाजता, खाल्ल्यावर किती वेळाने, पोट आत ओढून जोर लावला की मान खाली घातली आणि अन्न आपोआप बाहेर पडलं, हे लिहायला हवं. जोर लावून होते ती उलटी. जोर न लावता, न पचलेलं, कधी कधी लांबट आकाराचं अन्न नुसतं बाहेर येतं ते रीगर्जिटेशन, आणि त्यात दोष जठरात नसून बहुधा अन्ननलिकेत असतो. या एका फरकाने तपासण्यांची दिशा बदलते, आणि शुश्रूषेचीही. अन्ननलिका फुगून सैल पडलेल्या कुत्र्याला पुढचे पाय उंचावर ठेवून, जवळजवळ उभं करूनच भरवायचं आणि नंतरही किमान १५-२० मिनिटं तसंच धरायचं, म्हणजे अन्न स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. अशा पेशंटचे श्वास मोजणं कधी चुकवू नका. शांत झोपलेल्या कुत्र्याचे श्वास आधीपेक्षा वाढले, बारीक खोकला सुरू झाला किंवा ताप चढला, तर अन्न फुप्फुसात गेल्याची शंका घेऊन लगेच कळवायचं.

जुलाबाचंही तसंच. दर वेळी भरपूर, पातळ, आणि सोबत वजन उतरत चाललेलं असेल तर त्रास बहुधा लहान आतड्याचा. थोडंथोडं पण सारखं, कुंथून, शेंबडासारखा चिकट पदार्थ आणि लाल रक्ताचे ठिपके असतील तर मोठ्या आतड्याचा. काळी, डांबरासारखी शी म्हणजे वरच्या बाजूला रक्तस्राव होऊन ते रक्त पचून खाली आलेलं. उलटीत कॉफीच्या चुऱ्यासारखे कण दिसले तरी अर्थ तोच, रक्त जठरात काही वेळ राहिलेलं आहे. शी किती घट्ट किंवा पातळ याला १ ते ७ गुण देण्याचा तक्ता बहुतेक वॉर्डांत लावलेला असतो. तो वापरा, कारण एकाची ‘जरा पातळ’ आणि दुसऱ्याची ‘जरा पातळ’ यांत फार अंतर पडतं.

आता सलाईन. शरीरातलं पाणी किती कमी झालंय याचा अंदाज हिरड्या, डोळे आणि कातडीवरून घेतात. सुमारे ५ टक्क्यांपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही. ६ ते ८ टक्क्यांना खांद्याजवळ चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसते, हिरड्या हाताला चिकट लागतात. १० ते १२ टक्क्यांना कातडी उभीच राहते, डोळे खोल जातात. मात्र म्हाताऱ्या किंवा हडकुळ्या प्राण्याची कातडी एरवीही उशिरा बसते आणि लठ्ठ प्राण्याची लगेच, त्यामुळे नुसत्या चिमटीवर विसंबू नका. हिशेब डॉक्टर करतात, पण तो तुम्हालाही यायला हवा. १० किलोचं कुत्रं, ८ टक्के तूट, म्हणजे ८०० मिलि. दिवसाची गरज किलोमागे ५० मिलि धरली तर आणखी ५००. ही तूट २४ तासांत भरून काढायची असेल तर एकूण १,३०० मिलि, म्हणजे ताशी साधारण ५४ मिलि. यात पुढे होणाऱ्या जुलाब-उलट्यांचं पाणी धरलेलंच नाही. ते किती गेलं हे तुमच्या नोंदीवरूनच कळणार. घाण झालेलं पॅड टाकण्याआधी वजन करा आणि कोऱ्या पॅडचं वजन वजा करा. फरकाचा एक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलि. पेशंटचंही वजन रोज त्याच काट्यावर, शक्यतो दिवसातून दोनदा करा. एका दिवसात अर्धा किलो वाढला तर ती चरबी किंवा मांस नाही, पाणी आहे.

पोटाच्या पेशंटमध्ये पोटॅशियम कमी होतं, म्हणून सलाईनच्या पिशवीत पोटॅशियम क्लोराइड घालायला सांगितलं जातं. इथे घाई अजिबात नको. पिशवीत सोडलेलं पोटॅशियम न हलवता टांगलं तर ते तळाशी, नळीच्या तोंडापाशीच साचतं आणि सुरुवातीलाच दाट डोस शिरेत जातो. त्याने हृदय बंद पडू शकतं. चालू नळी आधी बंद करायची, औषध घालायचं, पिशवी अनेकदा उलटसुलट करून नीट मिसळायची, काय आणि किती घातलं त्याचं लेबल लावायचं, मगच सोडायचं. नेहमीच्या पेशंटला वेगाची मर्यादा किलोमागे ताशी ०.५ मिलीइक्विव्हॅलंट (पोटॅशियम मोजायचं एकक). आणि पोटॅशियम घातलेली पिशवी बोलससाठी, म्हणजे भरपूर सलाईन एकदम भरभर देण्यासाठी, कधीही मोकळी सोडायची नाही.

जुलाब असलेल्या पेशंटला कॅन्युला (सलाईनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी) शक्यतो पुढच्या पायात असावी, मागच्या पायातली हमखास घाण होते. पट्टीच्या वरचा भाग सुजलाय का, खाली बोटं फुगलीत का, पट्टी ओली झालीय का, हे दर काही तासांनी हात लावून पाहा. पंप चालू आहे म्हणजे औषध शिरेतच जातंय असं गृहीत धरू नका.

खाण्याबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण इथेच नर्सिंगने सर्वात जास्त फरक पडतो असं माझं ठाम मत आहे. पूर्वी ‘पोटाला विश्रांती’ म्हणून दिवस-दोन दिवस उपाशी ठेवण्याची पद्धत होती. पण आतड्याच्या आतल्या थरातल्या पेशींना त्यांचं बरंचसं पोषण थेट आतड्यातल्या अन्नातूनच मिळतं. अन्नच नसेल तर तो थर खुरटतो आणि आतले जिवाणू रक्तात शिरायला वाट मिळते. पार्व्हो या विषाणूने जुलाब-उलट्या होणाऱ्या कुत्र्यांवरचा २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दाखल झाल्यापासून १२ तासांनी ज्यांना नळीने अन्न सुरू केलं ती, उलटी थांबेपर्यंत उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सुधारली आणि त्यांचं वजनही वाढलं. म्हणून आता कल लवकर आणि थोडंथोडं भरवण्याकडे आहे.

किती भरवायचं? २ ते ४५ किलोच्या प्राण्यासाठी सोपा हिशेब : वजनाला ३० ने गुणा, ७० मिळवा. १० किलोच्या कुत्र्याला विश्रांतीत दिवसाला ३७० किलोकॅलरी. पण कित्येक दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी एवढं घालायचं नाही. साधारण एक तृतीयांशापासून सुरू करून तीन दिवसांत पूर्ण गरजेवर न्यायचं, नाहीतर रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम एकदम खाली येऊ शकतं.

मांजरीच्या बाबतीत तर दिवस मोजतच राहा. लठ्ठ मांजर काही दिवस खाल्ल्याशिवाय राहिली की शरीरातली चरबी यकृतात जाऊन साचते आणि मूळ आजारापेक्षा हा दुसरा आजार जड जातो. पण म्हणून तोंडात सिरिंज कोंबू नका. मळमळत असताना जबरदस्तीने भरवलेल्या अन्नाची मांजरीला कायमची शिसारी बसू शकते. तिच्यासाठी पसरट ताटली घ्या, अन्न अंगाच्या उबेइतकं कोमट करा, थोडंसंच वाढा, आणि दहा-पंधरा मिनिटांत हात लावला नाही तर उचलून घ्या. वास मारणारं अन्न तोंडापाशी तासन्‌तास ठेवणं हा मळमळणाऱ्या जिवाला त्रासच आहे. लपायला खोका आणि कुत्र्यांपासून दूरचा पिंजरा मिळाला तर काही मांजरी औषध न बदलताही खायला लागतात.

नाकातून अन्ननलिकेत नळी घातली असेल तर जागा एक्स-रेने पक्की झाल्याशिवाय काही सोडायचं नाही. नुसता खोकला आला नाही म्हणून नळी बरोबर जागी आहे असं समजू नका, गळून गेलेल्या पेशंटला खोकायचीही ताकद नसते. नाकपुडीजवळ नळीवर पेनाने खूण करून ठेवा आणि दर वेळी ती जागेवर आहे का पाहा. आधी थोडं पाणी, मग कोमट पातळ अन्न १५-२० मिनिटं घेऊन सावकाश, शेवटी पुन्हा पाणी. मध्येच लाळ गळायला लागली किंवा पेशंट अस्वस्थ झाला तर थांबा. वेग कमी केला तरी बऱ्याचदा काम होतं.

पार्व्होच्या वॉर्डात ड्युटी लागली तर शिस्त वेगळी. हा विषाणू १९७८ च्या सुमारास जगभर पसरला आणि अजूनही पिल्लांचा मोठा शत्रू आहे. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर तो हल्ला करतो, म्हणून आतड्याचा आतला थर सोलवटतो आणि अस्थिमज्जा दबून पांढऱ्या पेशीही घसरतात. पिल्लाची लढायची ताकदच गेलेली असते, त्यामुळे कॅन्युलातून झालेला साधा संसर्गही महागात पडतो. हात निर्जंतुक करायचं अल्कोहोलचं जेल त्याच्यावर चालत नाही. साबण-पाण्याने हात धुवा, शिवाय ग्लोव्हज आणि गाऊन वापरा. फरशीवरची घाण आधी पूर्ण धुऊन काढा, मग साधारण ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट (ब्लीच) एकास तीस पाण्यात ताजं मिसळून किमान १० मिनिटं राहू द्या. घाणीवरच ओतलं तर त्याचा जोर तिथेच संपतो. पार्व्होची पिल्लं पाळीच्या शेवटी हाताळा, किंवा त्यांच्यासाठी वेगळंच माणूस ठेवा. पिल्लू अचानक मलूल पडलं, थरथरायला लागलं, तर रक्तातली साखर तपासायला वेळ लावू नका. आणि सुधारत असलेलं पिल्लू पुन्हा उलट्या करू लागलं, पोट दाबल्यावर कण्हायला लागलं, तर आतड्यात आतडं शिरल्याची शंका डॉक्टरांना बोलून दाखवा.

अंगाची स्वच्छता बारीक वाटते, पण सतत ओल्या शेपटीखाली एका रात्रीत कातडी सोलते. लांब केस कापा, शेपटीला हलकी पट्टी बांधा, कोमट पाण्याने धुऊन न घासता टिपून कोरडं करा, मग मलम. झिंक असलेलं मलम लावू नका, प्राणी ते चाटतो आणि झिंक पोटात जाणं विषारी असतं. जुलाबाचे काही आजार माणसालाही होतात. साल्मोनेला, कॅम्पायलोबॅक्टर, जिआर्डिया ही त्यांतली ठळक नावं. वॉर्डात खाणंपिणं नको ते यासाठीच.

काही गोष्टींसाठी मात्र चार्ट बाजूला ठेवून धावायचं. मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट टम्म फुगलंय, उलटीचा जोर लावतोय पण बाहेर काही येत नाही, जागेवर बसवत नाही : जठराला पीळ पडल्याची शक्यता, इथे मिनिटं मोजायची असतात. कॅन्युला पुढच्या पायांत लावायची, कारण फुगलेल्या जठराने मागच्या भागातून येणारी मोठी शीर दबलेली असते. उलट्या करणाऱ्या मांजरीच्या जिभेखाली दोरा अडकलेला दिसला, किंवा गुदद्वारातून दोरा लोंबताना दिसला, तर तो ओढायचा नाही. दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर ताणलेला दोरा आतडं कापतो. पुढचे पाय आणि छाती जमिनीला टेकवून मागचा भाग वर धरणारं कुत्रं बहुधा पोटदुखीने तसं करतंय, स्वादुपिंडाच्या सुजेत हे दिसतं. दुखण्याची नोंदही उलटीइतकीच ठळक लिहा, कारण दुखणारा पेशंट खात नाही.

घरी सोडताना कागद हातात देऊन मोकळं होऊ नका. सुक्राल्फेट हे जठराच्या जखमांवर थर धरणारं औषध इतर औषधांपासून दोन तास तरी लांब द्यायचं, मांजरीला डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची गोळी दिल्यावर लगेच ५-६ मिलि पाणी किंवा थोडं अन्न द्यायचं, कारण अडकलेली गोळी अन्ननलिका भाजते आणि पुढे ती आकसते. हे मालकाकडून परत म्हणवून घ्या. नवं अन्न एकदम बदलायचं नाही, आठवडाभरात हळूहळू मिसळत न्यायचं. किती उलट्या झाल्या की फोन करायचा, किती वेळ खाल्लं नाही की थांबायचं नाही, हे आकड्यात लिहून द्या. ‘बरं वाटलं नाही तर या’ या वाक्यावर काळजीत असलेलं माणूस काहीच ठरवू शकत नाही. आणि शी कशी दिसते याचा फोटो काढून आणायला सांगा. लोक संकोचतात, पण त्या एका फोटोवरून पुढच्या भेटीत बरंच काम होतं.