थंडीत पिल्लं आणताय? आधी ऊब, मग पिल्लं

साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की आपल्याकडं कोल्हापुरात थंडी खऱ्या अर्थानं जाणवायला लागते. दुपारी ३० अंशांच्या आसपास ऊन आणि पहाटे नदीकाठच्या मळ्यात पारा १४-१५ वर. गगनबावडा, शाहूवाडी, आजरा, चंदगडकडं तर त्याहून गार. नेमक्या याच दिवसांत घरोघरी कोंबडीची पिल्लं आणली जातात, कारण आता आणलेल्या गिरिराज, वनराज, कावेरी या जातींच्या तलंगा, म्हणजे तरण्या कोंबड्या, पावसाळ्याच्या तोंडाला अंड्यावर येतात. हिशेब बरोबर आहे. पण पहिल्या दहा दिवसांत जी मरतूक होते, तिच्यापुढं हा हिशेब टिकत नाही, आणि ती मरतूक बहुतेक वेळा रोगाची नसून उबेची असते.

एक दिवसाच्या पिल्लाच्या अंगावर नुसती लव असते. पहिले दोन आठवडे तरी त्याला स्वतःचं अंग स्वतः गरम राखता येत नाही. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या जवळपास असतं, म्हणून तिच्या पोटाखाली पिल्लं तगतात. पण खुडूक कोंबडी पिल्लं कशी सांभाळते ते एकदा नीट बघा. गार वाटलं की पिल्लू पंखाखाली शिरतं, ऊब पुरली की बाहेर येऊन दाणे टिपतं, पुन्हा आत जातं. कधी आत जायचं आणि कधी बाहेर यायचं, हे पिल्लूच ठरवतं. घरचा ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा, करताना हीच सोय द्यायची असते. सगळी जागा एकसारखी तापवायची नाही. ऊब एका जागी आणि त्याच्या भोवती थोडा गारवा, हे ज्याला जमलं त्याची पिल्लं वाचली.

माझी पहिली बॅच ५० पिल्लांची होती. चौकोनी लाकडी खोकं, वर एक बल्ब आणि थंडी फार म्हणून चारी बाजूंनी गोणपाट. पहाटे करंट गेला. सकाळी गोणपाट उचललं तर एका कोपऱ्यात पिल्लांचा ढीग. वरची जिवंत होती, खालची ११ गुदमरलेली. हातात घेतली तेव्हा ती गरम होती. म्हणजे ती गारठून मेली नव्हती, ऊब शोधताना एकमेकांच्या अंगाखाली चिरडली होती. त्या दिवसापासून माझ्याकडं पिल्लांना कोपरा नाही.

तेव्हा चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण, गोलच करा. दीड फूट उंचीचा पत्रा, जाड पुठ्ठा किंवा बांबूचा तट्ट्या, जे हाताशी असेल ते चालतं. ५० पिल्लांना पहिल्या आठवड्यात चार फूट व्यासाचं रिंगण पुरतं. पुढं दर चार-पाच दिवसांनी ते वाढवत न्या, म्हणजे चौथ्या आठवड्यात प्रत्येक पिल्लाला एक चौरस फूट जागा मिळेल. खाली दोन-तीन इंच कोरडं भाताचं तूस पसरा. आजरा-चंदगड-राधानगरीकडं ते गिरणीवर सहज मिळतं, नसेल तर भुईमुगाची टरफलं बारीक करून वापरा. फक्त हाताच्या मुठीत दाबून आणि वास घेऊन बघा. कुबट वास आला तर ते तूस फुकट मिळालं तरी घेऊ नका. बुरशी धरलेल्या तुसानं पिल्लांची फुप्फुसं धरतात, आणि त्याला औषधाचा फारसा उपयोग होत नाही.

पहिले दोन-तीन दिवस तुसावर कागद अंथरतात, पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून. गुळगुळीत चकचकीत कागद नको. त्यावर पाय घसरून पिल्लं फाकतात आणि फाकलेले पाय पुन्हा सरळ होणं अवघड. साधं वर्तमानपत्र दोन-तीन पदरी घाला, ओलं झालेलं रोज काढा.

आता बल्बचं. गेल्या वर्षी शेजारच्या वहिनींनी मला हाक मारली, "भावजी, बलब तर लखलखीत हाय, मग पिल्ली का ओरडाय लागल्यात?" जाऊन बघतो तर नऊ वॅटचा एलईडी. उजेड भरपूर. त्याच्याखाली एक वीतभर अंतरावर तळहात धरायला सांगितला. अर्धा मिनिट धरून वहिनी म्हणाल्या, "हितं तर गारच लागतंय की." पिवळा, तारेचा बल्ब लावल्यावर दहा मिनिटांत पिल्लं त्याच्याखाली पसरून बसली. एलईडी नि सीएफएल उजेडासाठी चांगले, पण त्यांची ऊब पिल्लांना पुरत नाही. पिवळे बल्ब हल्ली प्रत्येक दुकानात मिळत नाहीत, म्हणून पिल्लं आणायच्या आधी दोन जास्तीचे घेऊन ठेवा.

हिवाळ्यात एका पिल्लाला साधारण दोन वॅट धरा. ५० पिल्लांना १०० वॅट झाले. पण १०० चा एकच बल्ब लावू नका. ६० चे दोन लावा, म्हणजे रात्री एक उडाला तरी दुसरा सकाळपर्यंत तारून नेतो. १०० च्या वर पिल्लं असतील तर २५० वॅटचा इन्फ्रारेड बल्ब परवडतो, थंडीत तो दीडशे पिल्लांपर्यंत चालतो. त्याला होल्डर मात्र चिनी मातीचाच हवा, प्लॅस्टिकचा वितळतो. बल्ब वायरवर लोंबकळत ठेवू नका. तार किंवा साखळी आढ्याला बांधा, वायरवर वजन येता कामा नये. तूस, कागद, पुठ्ठा, गोणपाट हे सगळं पेट घेणारं आहे. बल्ब खाली पडला तर पिल्लंच नव्हे, छप्परही जाईल.

रानात वस्ती असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रात्री उसाला पाणी सोडायला सगळ्या मोटारी एकदम चालू होतात आणि दाब पडतो. २३० व्होल्टचा दाब १७० वर आला की ६० वॅटचा बल्ब चाळिशीच्या आत काम करतो. बल्ब पेटलेला दिसतो म्हणून आपण निर्धास्त झोपतो, आणि पिल्लं खाली कुडकुडत असतात. बल्ब लालसर, मंद दिसला तर तो लगेच खाली घ्या. त्यासाठीच तो दोरीवर किंवा साखळीवर हवा. सुरुवातीला लिटरपासून, म्हणजे खाली पसरलेल्या तुसापासून, दीड फूट उंच, मग गरजेप्रमाणे वर-खाली.

पहिल्या आठवड्यात बल्बखाली पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश, म्हणजे ९५ फॅरनहाइट लागतात. पुढं दर आठवड्याला तीन अंश कमी करत २१ पर्यंत यायचं. थर्मामीटर लिटरपासून दोन इंचांवर टांगा, भिंतीला नको. भिंतीवरचा आकडा खोलीचा असतो.

तरी थर्मामीटरपेक्षा माझा भरवसा पिल्लांवर आहे. बल्बखाली दाटीवाटीनं गोळा होऊन मोठ्यानं चिवचिवत असतील तर गारठलीत. बल्बपासून लांब पळून, पंख सैल सोडून, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर भाजतायत. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारं शिरतंय, ती फट शोधून बुजवा. रिंगणभर पसरलेली, काही खातायत, काही झोपलीत आणि हळू किलबिल चाललीय, तर सगळं ठीक. रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे चारला एकदा दाराशी उभं राहून नुसतं ऐका. थंडी पहाटेच सगळ्यात जास्त असते. शंका वाटली तर एक पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावा. पाय गार लागले तर खालचं लिटरच गार आहे.

म्हणूनच ब्रूडर आधी तापवायचा. पिल्लं संध्याकाळी येणार असतील तर बल्ब आदल्या रात्रीपासून चालू ठेवा. वरची हवा तासाभरात गरम होते, तूस आणि खालची जमीन व्हायला वेळ लागतो. जमलं तर पिल्लं दिवसाउजेडी आणा. कोल्हापुरातल्या शासकीय मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून घ्या किंवा खासगी हॅचरीतून, मोटारसायकलवर आणताना खोक्याला वारं लागू देऊ नका. पण प्लॅस्टिकनं गुंडाळूही नका, आत गुदमरतात.

आल्या आल्या आधी पाणी, दाणे नंतर. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळवून पहिले काही तास द्या, प्रवासाचा शीण जातो. पण दिवसभर गुळाचं पाणी ठेवू नका, हगवण लागते आणि सगळं चिकट होतं. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. भांडं उथळ हवं, त्यात चार खडे टाका म्हणजे पिल्लू आत पडून भिजणार नाही. भिजलेलं पिल्लू थंडीत फार वेळ तग धरत नाही. पाणी बल्बच्या बरोबर खाली नको, कडेला ठेवा. तासाभरानं कागदावर बारीक मक्याचा भरडा टाका, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. रात्री गळ्याखालची थैली बोटांनी चाचपा. भरलेली आणि मऊ लागली तर पिल्लू खातंपितंय. रिकामी असेल तर बहुतेक गारठ्यामुळं ते बल्ब सोडून दाण्यापर्यंत जातच नाहीये.

मागची जागा शेणानं चिकटून बंद झाली असेल तर कोमट पाण्यात कापूस भिजवून हळू मऊ करा, ओढून काढू नका, कातडी निघते. कोरडं पुसून लगेच उबेला ठेवा. दोन-तीन पिल्लांना असं दिसलं की समजा, ऊब कमी किंवा जास्त होतेय.

शेगडीबद्दल हात जोडून सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा शेणी पेटवून पिल्लांना ऊब देऊ नका. त्या धुराला वास येवो न येवो, त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. पिल्लं जातातच, त्याच खोलीत माणूस झोपलं असेल तर तेही जाऊ शकतं. करंट गेला तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून रिंगणात ठेवा, किंवा चुलीजवळ विटा तापवून गोणपाटात गुंडाळा. हाताला सोसेल एवढीच वीट हवी. रिंगणावर अर्धी चादर टाका आणि अर्धं उघडं राहू द्या. पिल्लं स्वयंपाकघरात ठेवली असतील तर नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहू देऊ नका. त्याचा धूर आपल्याला जाणवत नाही, पाखरांना मात्र मारतो.

खोली कितीही गार असली तरी वरच्या बाजूला वीतभर जागा उघडी हवी. आत वाकल्यावर डोळे चुरचुरले तर पिल्लांचे केव्हाच चुरचुरतायत, ओलं लिटर काढून कोरडं टाका. ओल्या लिटरनं पुढं तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रक्ती हगवण येते. लसीचं वेळापत्रक गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. पाचव्या ते सातव्या दिवशीचा लासोटाचा, म्हणजे राणीखेत (मानमोडी) रोगाच्या लसीचा, डोळ्यातला थेंब चुकवू नका. उंदीर, मांजर, मुंगूस यांच्यासाठी रिंगणावर अर्धा इंची जाळी टाका.

दुसऱ्या आठवड्यापासून दुपारी पत्र्याखाली एवढं तापतं की बल्ब बंद करावा लागतो, आणि संध्याकाळी सहाला पुन्हा लावायला माणूस विसरतो. घरात ते एकाच्याच अंगावर टाका, कुणीतरी लावेल यावर सोडू नका. रोज रात्री पिल्लं शांत झाली की तासभर बल्ब मालवून, उबेला गरम पाण्याच्या बाटल्या ठेवून त्यांना अंधाराची सवय लावा, म्हणजे करंट गेल्यावर घाबरून ढीग करत नाहीत. चौथ्या आठवड्यात आधी दिवसाचा बल्ब काढा, चार-पाच दिवस बघा, मग रात्रीचा. पाठीवर नि मानेवर पिसं पुरी भरली नसतील तर आणखी आठवडाभर रात्री लावत राहा.

बॅच डालग्यात किंवा खुराड्यात हलवली की ते तूस उकिरड्यावर मुरू द्या, उसाला उत्तम खत होतं. खोली झाडून, चुना मारून निदान दोन आठवडे मोकळी ठेवा, मगच पुढच्या पिल्लांची नोंदणी करा.