‘लेखी नको, आपण बघून घेऊ’ : कॉलेजातल्या छळाच्या तक्रारी आणि नेहमीच्या चुका

लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत तक्रार समिती आज जवळपास प्रत्येक कॉलेजात असते, निदान फलकावर तरी. त्या फलकावरच्या एखाद्या मॅडम केव्हाच निवृत्त झालेल्या असतात आणि विद्यार्थी प्रतिनिधीला आपण प्रतिनिधी आहोत हे ठाऊकही नसतं. नॅकचं (कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं) मूल्यांकन आलं की नावं बदलतात, मागच्या तारखांची इतिवृत्तं तयार होतात आणि फाइल जाडजूड दिसू लागते. हे सगळं खरं असलं, तरी तक्रार बिघडते ती बहुतेक वेळा समितीपर्यंत पोचायच्या आधीच. ती बिघडते विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये, पहिल्या अर्ध्या तासात.

पहिला अर्धा तास

मुलगी मैत्रिणीला सोबत घेऊन येते. “मॅडम, जरा बोलायचं होतं.” ऐकणारी बाई वाईट नसते, काळजीनंच म्हणते, “लेखी नको देऊस बाळ, तुझंच नाव खराब होईल. मी बोलते सरांशी.” आणि खरंच बोलते. दुपारपर्यंत गोष्ट स्टाफरूममध्ये पोचते आणि संध्याकाळपर्यंत व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसले जातात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला सावध करण्याचं काम आपण मदत समजून केलेलं असतं.

अशा वेळी करायचं तेवढंच करावं. शांतपणे ऐकावं, तारीख-वेळ घालून टिपण ठेवावं, चॅट, कॉल लॉग, फोटो काहीही डिलीट करू नको असं सांगावं आणि समितीकडे कसं जायचं ते समजावून तिला तिथपर्यंत सोबत करावी. खरं-खोटं ठरवणं आपलं काम नाही. सरांना बोलावून ‘एकदा समोरासमोर होऊन जाऊ दे’ हे तर अजिबात नाही.

दुसरी सवय घरी फोन करण्याची. सज्ञान मुलीला न विचारता पालकांना कळवलं, तर कित्येक घरांत कॉलेज बंद होतं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न उरकलं जातं. हे माहीत असल्यामुळेच मुली गप्प बसतात.

मात्र मुलगी किंवा मुलगा अकरावी-बारावीचा असेल तर सगळं गणित बदलतं. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज त्याच इमारतीत, त्याच प्राचार्यांच्या हाताखाली चालतं, त्यामुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा अर्जही सवयीनं त्याच समितीपुढे ठेवला जातो आणि तिथेच पडून राहतो. वय 18 च्या आत असेल तर लैंगिक गुन्ह्याला पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा) लागू होतो. अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं, कळलेल्या प्रत्येकावर बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखानं ती दडवली तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आमची चौकशी होऊ दे, मग बघू’ ही पळवाट इथे नाही.

अर्जात नुसतं ‘वागणं बरोबर नाही’

अनेक अर्ज दोन ओळींचे असतात. ‘सरांचं वागणं बरोबर नाही, तरी योग्य ती कारवाई व्हावी ही विनंती.’ यावर समिती करणार तरी काय? कधी, कुठे, नेमकं काय म्हटलं, काय केलं, तिथे आणखी कोण होतं, त्या दिवशी कुणाला सांगितलं हे हवं. शब्द अश्लील असतील तर जसेच्या तसे लिहावेत, संकोच करू नये. लिहिणं जमत नसेल तर अर्ज लिहायला मदत करणं ही कायद्यानं समितीचीच जबाबदारी आहे. ‘अर्ज नीट लिहून आण’ म्हणून परत पाठवणं ही समितीची चूक ठरते.

तक्रार देण्याची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची, आणि प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, म्हणून उशीर का झाला हे अर्जातच लिहावं. परीक्षा होती, इंटर्नल मार्क त्यांच्याच हातात होते, आजारी होते, जे असेल ते.

समितीत कोण बसलंय?

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2015 चे विनियम (राजपत्रात 2016 साली आले) याबाबत स्पष्ट आहेत. अध्यक्ष महिला प्राध्यापक हवी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, बाहेरच्या संस्थेतली एक जाणकार व्यक्ती हवी आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले विद्यार्थी हवेत. कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना पदामुळे समितीत घेता येत नाही. प्रत्यक्षात बाहेरची सदस्य म्हणून संस्थाचालकांच्या ओळखीच्या ताई येतात. कागद पुरा होतो, विश्वास मात्र बसत नाही. सदस्याचं आरोपीशी नातं, सहलेखन किंवा जुनं भांडण असेल तर पहिल्याच बैठकीत ते नोंदवून तिनं किंवा त्यानं बाजूला व्हावं. नंतर कोर्टात हाच मुद्दा पहिला निघतो.

चौकशी चालू, जर्नलवर सही त्यांचीच

चौकशी सुरू असते आणि प्रॅक्टिकलचं जर्नल तपासायला त्याच सरांकडे जावं लागतं. टर्मवर्कचे मार्क त्यांच्याकडे, व्हायवाला समोर तेच. चौकशी चालू असताना आरोपीनं तक्रारदाराचं मूल्यमापन करू नये, अशी शिफारस समिती करू शकते. पण मागितल्याशिवाय ती होत नाही, म्हणून लेखी मागा. तुकडी बदलायची वेळ आली की कॉलेज हमखास मुलीचीच बॅच बदलतं, तिचं वेळापत्रक विस्कटतं आणि वर्गाला कारण कळतं. सरांचा तास दुसऱ्याला देणं अवघड नसतं. फक्त त्याला प्राचार्यांची हिंमत लागते.

घाई आणि चालढकल

चौकशी 90 दिवसांत पूर्ण करायची, त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि 30 दिवसांत त्यावर कार्यवाही. बहुतेक ठिकाणी हे लांबतं, परीक्षा संपतात, मुलगी पास होऊन निघून जाते. पण उलटी चूकही तितकीच महाग पडते. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकावर 2009 मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या. समितीनं 39 दिवसांत 18 बैठका घेऊन अहवाल दिला, पुढे बडतर्फी झाली. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली, कारण बाजू मांडायला पुरेशी संधी न देता चौकशी उरकली होती. प्रकरण चौदा वर्षांनी पुन्हा समितीकडे गेलं. यात सर्वांत जास्त नुकसान कुणाचं, हे वेगळं सांगायला नको. तक्रारीची प्रत देणं, उत्तराला वेळ देणं, जबाबाची प्रत आणि उलटतपासणीची संधी हे आरोपीवर उपकार नसतात. त्यावरच निकाल टिकतो.

समेटाचंही तसंच. तो फक्त तक्रारदारानं मागितला तरच, चौकशीच्या आधी, आणि त्यात पैशाची देवाणघेवाण चालत नाही. प्राचार्यांच्या केबिनमध्ये ‘सर सॉरी म्हणताहेत, सही कर’ हा समेट नव्हे. आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी, असंही कायदा मानत नाही. खोटेपणासाठी दुष्ट हेतू वेगळा सिद्ध व्हावा लागतो. त्यामुळे ‘खोटं निघालं तर तुझ्यावर कारवाई’ हे वाक्य सुरुवातीलाच ऐकवणं म्हणजे निव्वळ धाक.

‘स्कॉलरशिपवाले हात वर करा’

जातीवरून होणाऱ्या भेदभावाची तक्रार बहुतेक येतच नाही, कारण तो रोजच्या कामकाजात मुरलेला असतो. महाडीबीटीचे (सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे) फॉर्म भरायचे दिवस आले की क्लार्क वर्गात येऊन प्रवर्गानुसार नावं पुकारतो. नोटीस बोर्डावर फ्रीशिपची (फीमाफीची) यादी लागते, जातीच्या रकान्यासकट. व्हॉट्सॲप ग्रुपचं नावच ‘एससी-एसटी स्कॉलरशिप’ असतं. कुणी मुद्दाम दुखवायला हे करत नाही, पण त्या दिवसापासून वर्गाला कळतं कोण कोणत्या कोट्यातलं. वर्गात जात जाहीर करणं, आरक्षित म्हणून शिक्का मारणं हे यूजीसीच्या 2012 च्या समानता विनियमांत भेदभावाच्या प्रकारांत मोडतं. उपाय फार साधा आहे. यादीत फक्त अर्ज क्रमांक टाका आणि त्रुटी असलेल्याला वैयक्तिक मेसेज पाठवा.

‘ॲडमिशन कशी मिळाली ठाऊक आहे’ हे वाक्य मात्र चुकून निघत नाही. ते अनुसूचित जाती-जमातीच्या विद्यार्थ्याला उद्देशून, जातीवरून अपमान करायला चारचौघांत म्हटलं गेलं, तर प्रकरण ॲट्रॉसिटी कायद्यापर्यंत जाऊ शकतं, आणि कॉलेजच्या समितीनं ते ‘मुलामुलांतली कुरबुर’ म्हणून मिटवू नये.

रॅगिंगबद्दलही एक जुना गैरसमज आहे, की ते फक्त हॉस्टेलच्या पहिल्या वर्षात होतं. मे 2019 मध्ये मुंबईच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या आदिवासी डॉक्टर पायल तडवी यांचा मृत्यू झाला. वरिष्ठ सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप झाला, आणि आधी तोंडी तक्रार केली होती असं कुटुंबीयांनी सांगितलं. यूजीसीच्या 2016 च्या दुरुस्तीनं जात, धर्म, वंश, लिंग, लैंगिक कल, प्रांत, भाषा, रूप, आर्थिक स्थिती यांवरून होणारी दादागिरी आणि वाळीत टाकणं थेट रॅगिंगच्या व्याख्येत घेतलं आहे. म्हणजे पुण्यात ईशान्येकडच्या मुलीला ‘चिंकी’ म्हणणं किंवा नांदेडच्या मुलाची बोली ऐकून रोज नकला करणं हेही त्यात येतं. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यानुसार संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची असते. त्यानं कानाडोळा केला तर तो गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. गुन्हा दिसत असेल तर यूजीसीच्या नियमानुसार 24 तासांत एफआयआर. विद्यार्थ्यांसाठी रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन 1800-180-5522 आहे.

समिती दारच उघडत नसेल तर

लैंगिक छळाची तक्रार थेट नियोक्त्याविरुद्धच (म्हणजे संस्था चालवणाऱ्याविरुद्धच) असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे विचारावा. पोलिसांकडे जाण्याचा हक्क कोणत्याही टप्प्यावर शाबूत असतो, समितीचा निकाल येईपर्यंत थांबायची गरज नाही. अर्ज कुठेही द्या, दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. पोच द्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टानं पाठवा.