अमेरिकेत स्वयंपाकघर नव्यानं करायचंय? आधी पैशांचं बघा

पहिलं घर घेतल्यावर पहिल्याच वर्षी स्वयंपाकघर फोडायला घेऊ नका, असं मी इथे नव्यानं आलेल्या प्रत्येकाला सांगते. डाउन पेमेंट आणि क्लोझिंगमध्ये (घराचा व्यवहार पुरा करतानाच्या खर्चात) बचत संपत आलेली असते, घरात इक्विटी (घराच्या किमतीतून कर्ज वजा जाता उरलेला आपला वाटा) जेमतेम असते आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांचा इथला मुक्काम नोकरीवर टिकून असतो. एचवन-बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली, तर दुसरी शोधायला किंवा स्टेटस बदलायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. अशा वेळी ओटा उखडलेला आणि कर्जाचा हप्ता डोक्यावर, ही पाळी कुणावर येऊ नये. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढा आणि स्वयंपाकघराचं बजेट मांडताना त्याला हातही लावू नका.

उरलेल्यात भागत नसेल तर कर्जाचा विचार. होम इक्विटी लोनमध्ये रक्कम एकदम मिळते आणि व्याजदर बहुधा स्थिर असतो. हीलॉकमध्ये (इक्विटीच्या तारणावर बँकेनं ठरवून दिलेल्या मर्यादेत) लागेल तशी उचल करता येते, पण दर बदलता असतो. शिवाय घराची किंमत बरीच घसरली किंवा तुमचं उत्पन्न अडचणीत आलं, तर बँक पुढची उचल थांबवू शकते. म्हणजे काम अर्ध्यावर असताना नळ बंद. माझं मत विचाराल तर व्हिसावर असलेल्यांनी स्थिर दराचं, ठराविक रकमेचं कर्ज घ्यावं. दोन्हींत घर तारण असतं हे विसरू नका. राहत्या घरावर असं कर्ज घेतलं, तर सही केल्यावर तीन कामकाजाच्या दिवसांत ते रद्द करण्याचा हक्क कायद्यानं दिलाय. व्याजाची करवजावट मिळू शकते, पण पैसा त्याच घराच्या सुधारणेवर खर्च झाला आणि तुम्ही आयटमाइझ करत असाल, म्हणजे ठरलेल्या सरसकट वजावटीऐवजी एकेक खर्च दाखवत असाल, तरच.

४०१-केमधून, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या बचत खात्यातून, कर्ज काढायचा सल्ला ऑफिसात हमखास मिळतो. तुमच्या हक्काच्या शिलकीच्या निम्मी किंवा ५०,००० डॉलर, यातली कमी रक्कम साधारणपणे काढता येते. पण नोकरी सुटली आणि त्या वर्षाच्या टॅक्स रिटर्नच्या मुदतीपर्यंत बाकी फेडली नाही, तर ती रक्कम उत्पन्न धरली जाते आणि वय कमी असेल तर वर १० टक्के दंड बसतो. ज्याची नोकरी आणि व्हिसा एकाच दोरीला बांधलेत, त्याच्यासाठी हा मार्ग मला अजिबात पसंत नाही.

दुकानाच्या कार्डावर ‘१८ महिने बिनव्याजी’ लिहिलेलं असतं, तिथे खालचा बारीक मजकूर वाचा. डिफर्ड इंटरेस्ट असेल तर मुदतीअखेर थोडीशी बाकी राहिली तरी खरेदीच्या दिवसापासूनचं व्याज एकदम अंगावर येतं. आईवडील भारतातून पैसे पाठवत असतील, तर एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. इकडे वर्षभरात परदेशी नातलगांकडून १,००,००० डॉलरपेक्षा जास्त भेट आली, तर फॉर्म ३५२० भरावा लागतो. त्यावर कर नसतो, पण फॉर्म राहिला तर दंड मोठा असतो.

आता कोटेशन. तीन कॉन्ट्रॅक्टरांकडून घ्या हे सगळेच सांगतात. मी म्हणते, आकड्याआधी ‘अलाउन्स’ हा शब्द शोधा. टाइल अलाउन्स, नळांचा अलाउन्स, दिव्यांचा अलाउन्स. म्हणजे या वस्तूंसाठी कॉन्ट्रॅक्टरनं एक अंदाजी रक्कम धरलीये. तुम्ही दुकानात जाऊन त्याहून महाग निवडलंत की फरक तुमच्या खिशातून. स्वस्त दिसणारं कोटेशन बऱ्याचदा इथेच स्वस्त झालेलं असतं. म्हणून करार करण्याआधी दुकानात जा, टाइल, नळ, सिंक, हँडल निवडा, मॉडेल नंबर लिहून घ्या आणि तिघांकडूनही त्याच यादीवर भाव मागा. काउंटरटॉपच्या भावात सिंकचं कटिंग, कडांचा आकार, मागची पट्टी आणि जुना दगड काढून नेणं धरलंय का, हे एकेक करून विचारा. परमिटची फी, कचऱ्याचा डंपस्टर आणि सेल्स टॅक्सही.

सगळ्यात मोठा आकडा बहुधा कॅबिनेटचा असतो. जुन्या कॅबिनेटचे सांगाडे भक्कम असतील तर नुसती दारं आणि दर्शनी भाग बदलूनही स्वयंपाकघर नवं दिसतं. सिंक आणि शेगडी आहेत तिथेच ठेवा. नळ आणि गॅसची लाइन हलवायला घेतली की भिंत फुटते, जमीन फुटते आणि बजेटही.

भिंतीमागे काय निघेल ते आधी कळत नाही, म्हणून एकूण रकमेच्या १५ ते २० टक्के राखीव ठेवा. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगात शिसं असू शकतं, आणि तो रंग खरवडायचा, फोडायचा असेल तर कॉन्ट्रॅक्टरकडे ईपीए या पर्यावरण खात्याचं सर्टिफिकेशन लागतं. जुन्या वायरिंगचं घर असेल तर ओट्यावरच्या प्लगसाठी २० अँपिअरची निदान दोन सर्किट लागतात, आणि त्यासाठी कधीकधी अख्खं पॅनेल बदलावं लागतं. आणखी एक खर्च कुणी धरत नाही: काउंटरटॉपचं माप खालची कॅबिनेट बसल्यावरच घेतात, मग दगड कापून यायला एक ते तीन आठवडे जातात. तेवढे दिवस सिंक नाही. बाहेरच्या जेवणाचे पैसे बजेटमध्ये लिहाच.

पैसे देताना एकच नियम पाळा: पैसा कामाच्या मागे राहिला पाहिजे. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरला सुरुवातीला कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातलं जे कमी तेवढंच घेता येतं. मेरीलँडमध्ये एक तृतीयांशापर्यंत. तुमच्या राज्याचा नियम बघा. कुणी निम्मे पैसे आधी मागितले तर कारण विचारा. कॅबिनेटसाठी हवेत म्हणाला तर ऑर्डर तुमच्या नावावर करून पुरवठादाराला थेट पैसे द्या. पुढचे हप्ते तारखेला बांधू नका, कामाला बांधा: प्लंबिंग आणि वायरिंगचं इन्स्पेक्शन पास झालं की एक, कॅबिनेट बसली की एक, दगड बसला की एक, आणि शेवटचे १० टक्के अंतिम इन्स्पेक्शन आणि बारीकसारीक दुरुस्त्या झाल्यावर. रोख देऊ नका, झेल या बँकेतून लगेच पैसे पाठवायच्या सोयीनेही नको. चेक किंवा कार्ड बरं. ‘परमिट तुम्हीच तुमच्या नावावर काढा’ असं कॉन्ट्रॅक्टर म्हणाला तर त्याला नमस्कार करा, कारण मग कामाची जबाबदारी तुमच्यावर येते. लायसन्स राज्याच्या साइटवर तपासा. टेक्ससमध्ये जनरल कॉन्ट्रॅक्टरला राज्याचं लायसन्स नसतं, तिथे इलेक्ट्रिशियन आणि प्लंबरचं बघा.

आणि लीन, म्हणजे थकलेल्या पैशांपोटी घरावर चढणारा बोजा. भारतातून आलेल्यांना हा प्रकार ठाऊकच नसतो. ओळखीतल्या एका कुटुंबानं कॉन्ट्रॅक्टरला सगळे पैसे चुकते केले होते, पण त्यानं टाइल पुरवणाऱ्याचे थकवले आणि त्या पुरवठादारानं घरावर बोजा चढवला. कायदा त्याच्या बाजूनं होता. म्हणून प्रत्येक हप्त्याला कॉन्ट्रॅक्टर, त्याचे सब-कॉन्ट्रॅक्टर आणि माल पुरवणारे, सगळ्यांचं लीन वेव्हर (बोजाचा हक्क सोडल्याचं पत्र) सहीसकट मागा. मागायला संकोच वाटतो हे मला माहीत आहे, पण चांगले कॉन्ट्रॅक्टर ते न कुरकुरता देतात.

करार, मंजूर परमिट, लीन वेव्हर आणि सगळी बिलं एका फाइलमध्ये ठेवा, स्कॅनही करा. घर विकताना हा खर्च घराच्या मूळ किमतीत मिळवता येतो आणि करपात्र नफा तेवढा कमी होतो.