सोसायटीच्या एसटीपीच्या पाण्याचा नमुना कसा घ्यावा आणि अहवाल कसा वाचावा

20,000 चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांना 2006च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार पूर्वमंजुरी घ्यावी लागते, आणि गृहप्रकल्पांच्या बाबतीत त्या मंजुरीबरोबर सांडपाणी प्रक्रिया केंद्राची, म्हणजेच एसटीपीची, अट येते. त्यामुळे पवई, कांदिवली, वडाळा, मुलुंड अशा भागांतील अनेक मोठ्या सोसायट्यांच्या तळघरात बिल्डरने बसवलेले एक छोटे केंद्र असते आणि ताबा मिळाल्यावर त्याची जबाबदारी व्यवस्थापन समितीवर येऊन पडते. समिती वार्षिक देखभालीचे कंत्राट देते, ठरावीक काळाने प्रयोगशाळेचा अहवाल येतो, सचिव तो फायलीला लावतात, आणि प्रक्रिया होऊन परत येणाऱ्या फ्लशच्या पाण्याला वास येऊ लागेपर्यंत कोणी त्याकडे वळून पाहत नाही. आकडा प्रयोगशाळेत निघत असला, तरी तो विश्वासार्ह ठरणार की नाही हे बाटली भरतानाच ठरलेले असते. म्हणून समितीतील निदान एका सदस्याने हे काम स्वतः उभे राहून करवून घ्यावे.

सुरुवात कागदापासून करावी. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात तुमच्या केंद्राला लागू असलेल्या मर्यादा दिलेल्या असतात आणि तुलना त्यांच्याशीच करावी, शेजारच्या सोसायटीच्या आकड्यांशी नव्हे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ऑक्टोबर 2017च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडीची, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाणीच्या मापाची, मर्यादा लिटरला 20 मिलिग्रॅम होती, तर राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल 2019मध्ये 10ची कठोर मर्यादा लागू करण्याचा आदेश दिला. संमतीपत्र कोणत्या काळातले आहे यावर तुमच्या वाट्याला कोणता आकडा आला हे अवलंबून असते.

प्रयोगशाळेला बोलावण्याआधी एक चाचणी तळघरातच करता येते. एक लिटरचे पारदर्शक मोजपात्र घ्यावे, ब्लोअर, म्हणजे हवा सोडणारे यंत्र, चालू असताना एरेशन टँकमधले (हवेवर जगणारे जिवाणू जिथे घाण खातात त्या टाकीतले) ढवळलेले पाणी त्यात काठोकाठ भरावे आणि सपाट जागी हलू न देता 30 मिनिटे ठेवावे. पहिल्या पाच मिनिटांतच गाळाचे कण एकमेकांना धरू लागतात, त्यांचे पुंजके होतात, आणि पात्राच्या वरच्या भागात स्वच्छ पाण्याची कड दिसू लागते. अर्ध्या तासाने खाली बसलेल्या गाळाची पातळी किती मिलिलिटरवर आहे ते वहीत लिहावे. गाळ चॉकलेटी तपकिरी असेल, त्याला ओल्या मातीसारखा वास असेल आणि वरचे पाणी निवळ असेल तर जिवाणू व्यवस्थित आहेत. गाळ काळा असेल व सडक्या अंड्यासारखा वास मारत असेल, तर हवा कमी पडत आहे. अशा वेळी ब्लोअर रात्री बंद ठेवला जातो का, हा प्रश्न ऑपरेटरला सरळ विचारावा, कारण वीजबिल वाचवण्याचा हा सर्वांत जुना उपाय आहे आणि त्याची किंमत जिवाणू मोजतात. एरेशन टँकमध्ये विरघळलेला ऑक्सिजन लिटरला साधारण 2 मिलिग्रॅम असावा लागतो.

गाळाची पातळी एकटी पुरेसे सांगत नाही. टाकीतील एकूण तरंगते घन पदार्थ, ज्याला ऑपरेटर एमएलएसएस म्हणतात, तो आकडा मिळवून त्याच्याशी ती ताडून पाहावी. पातळी 300 मिलिलिटर आणि एमएलएसएस 3,000 मिलिग्रॅम असेल तर 300ला 1,000ने गुणून 3,000ने भागल्यावर निर्देशांक 100 येतो आणि तो चांगला आहे. तो 150च्या वर जाऊ लागला की गाळ फुगलेला आहे व निवळण्याच्या टाकीतून तो पाण्याबरोबर वाहून जाण्याची शक्यता आहे. मोजपात्र तसेच तास-दोन तास ठेवल्यावर बसलेला गाळ अचानक वर येऊ लागला, तर घाबरू नये. नायट्रेटपासून तयार झालेल्या नायट्रोजनचे बुडबुडे त्याला वर उचलत असतात, आणि याचा अर्थ निवळण्याच्या टाकीत गाळ फार वेळ पडून राहतो, तो लवकर एरेशन टँकमध्ये मागे फिरवायला हवा. मात्र तुमच्या टाकीत प्लास्टिकच्या छोट्या चकत्या फिरत असतील, म्हणजे केंद्र एमबीबीआर पद्धतीचे असेल, तर जिवाणू त्या चकत्यांवर वाढतात आणि ही चाचणी फारसे काही सांगत नाही.

आता नमुन्याकडे वळू. ऑपरेटर सहसा शेवटच्या नळातून, म्हणजे क्लोरीन मिसळल्यानंतरचे पाणी भरतो आणि सगळ्या चाचण्या त्याच बाटलीवर होतात. बीओडी म्हणजे जिवाणूंना घाण खाण्यासाठी लागणारा ऑक्सिजन; क्लोरीनने ते जिवाणूच मेलेले असतील, तर खाणारे कोणी उरत नाही आणि पाणी घाणेरडे असूनही आकडा सुंदर येतो. यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे बीओडीचा नमुना फिल्टरनंतर पण क्लोरीन मिसळण्याआधी घ्यावा. दुसरा म्हणजे नमुना क्लोरीनयुक्त आहे असे लेबलवर ठळक लिहून प्रयोगशाळेला क्लोरीन नष्ट करून व नवे जिवाणू मिसळून चाचणी करण्यास सांगावे. फिकल कॉलिफॉर्मचा, म्हणजे विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंच्या चाचणीचा, नमुना मात्र क्लोरीननंतरचाच हवा, कारण तिथे क्लोरीनचेच काम तपासायचे असते. त्यासाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली मागून घ्यावी. तिच्या तळाशी सोडियम थायोसल्फेट असते, ते क्लोरीनचे काम नमुना घेतलेल्या क्षणीच थांबवते. म्हणून ही बाटली विसळू नये आणि तिच्यात वर थोडी जागा मोकळी ठेवावी. बीओडीची बाटली याउलट हवा न राहता पूर्ण भरावी. तेल व ग्रीससाठी वेगळी काचेची बाटली लागते. सगळ्या बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी पोहोचवाव्यात. दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीतून गेलेल्या नमुन्याचा अहवाल वाचण्यात अर्थ नाही.

येणारे सांडपाणी आणि प्रक्रिया झालेले पाणी, दोन्हींचे नमुने घ्यावेत. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान इमारतीतून सर्वाधिक पाणी खाली येते. त्या भाराचा परिणाम बाहेर पडणाऱ्या पाण्यात काही तासांनी दिसतो, तेव्हा दिवसभरात ठरावीक अंतराने घेतलेले नमुने एकत्र करून तपासणे हे एका नमुन्यापेक्षा केव्हाही बरे. पावसाळ्यात मुसळधार सरीनंतर लगेच नमुना घेऊ नये, कारण गळक्या चेंबरांतून शिरलेले पावसाचे पाणी सगळेच आकडे पातळ करते. खाडीलगतच्या इमारतींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भरतीच्या वेळी तळघरातल्या भेगांतून खारे पाणी टाकीत झिरपत असेल तर क्लोराइड वाढते, आणि ते सीओडीच्या (जिवाणूंऐवजी रसायनाने घाणीचे ऑक्सिडीकरण करून मोजलेल्या ऑक्सिजनच्या) चाचणीत ऑक्सिडीकरण पावून आकडा फुगवते. प्रयोगशाळा यासाठी मर्क्युरिक सल्फेट वापरते, पण क्लोराइड फार असेल तर तेही पुरत नाही. म्हणून क्लोराइडची चाचणी सोबत मागावी आणि नमुन्याच्या लेबलवर वेळेबरोबर भरती की ओहोटी तेही लिहावे.

हे सगळे करताना टाकीत कोणालाही उतरवू नये, अगदी पंपाच्या नळीच्या तळाचा फुट व्हॉल्व्ह अडकला म्हणून दोन मिनिटांसाठीसुद्धा नाही. हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की त्याचा वास येणेच बंद होते, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असे समजणारा माणूस खालीच राहतो. सुरक्षा साधनांशिवाय गटार किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यास 2013च्या कायद्याने मनाई आहे आणि एसटीपीची बंद टाकी त्याहून कमी घातक नसते. नमुना दांड्याला बांधलेल्या भांड्याने किंवा नळातूनच घ्यावा.

अहवाल हातात आल्यावर आधी तारखा पाहाव्यात. भारतात बीओडीची चाचणी 27 अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते. सोमवारी दुपारी पोहोचलेल्या बाटलीचा बीओडी गुरुवार दुपारच्या आत निघूच शकत नाही, आणि मंगळवारच्या तारखेच्या अहवालात तो छापलेला असेल तर तो आकडा कोणी मोजलेला नाही. त्यानंतर सीओडी आणि बीओडी यांचे गुणोत्तर पाहावे. कच्च्या घरगुती सांडपाण्यात सीओडी बीओडीच्या साधारण दुप्पट असतो. प्रक्रियेत सहज पचणारा भाग संपून न पचणारा मागे उरतो, म्हणून बाहेरच्या पाण्यात हे गुणोत्तर वाढायला हवे. बाहेर बीओडी 9 आणि सीओडी 16 असे लिहिलेले असेल तर प्रयोगशाळेला कच्ची नोंदवही दाखवायला सांगावी. आणि बीओडी सीओडीपेक्षा जास्त छापलेला अहवाल तर सरळ परत करावा.

शेवटचा हिशेब गाळाचा, आणि माझ्या मते कंत्राटदाराची खरी परीक्षा तिथेच होते. दिवसाला 100 घनमीटर सांडपाणी आणि त्यात लिटरला 250 मिलिग्रॅम बीओडी असेल तर रोज 25 किलो बीओडी आत येतो, आणि दीर्घ वायुवीजनाच्या, म्हणजे टाकीत बराच वेळ हवा देण्याच्या, पद्धतीत त्यातून ढोबळमानाने 8 ते 12 किलो सुका गाळ तयार होतो. गाळ दाबून पाणी काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघालेला ओला गाळ त्याच्या चार-पाच पट भरतो. म्हणजे महिन्याला साधारण एक टन किंवा त्याहून अधिक ओला गाळ इमारतीबाहेर गेला पाहिजे. गेटवरच्या रजिस्टरमध्ये त्या गाडीची नोंद शोधावी, ती कोणत्या तारखांना आली आणि गाळ कुठे नेला ते विचारावे. नोंदच नसेल तर तो गाळ पावसाच्या रात्री पर्जन्यजलवाहिनीत गेला किंवा प्रक्रिया झालेल्या पाण्याबरोबर तुमच्याच फ्लशच्या टाकीत चढला. गच्चीवरच्या फ्लशच्या टाकीचे झाकण उघडून तळ पाहिल्यास दुसऱ्या शक्यतेचा निकाल लगेच लागतो.