ब्लॉगला वाचक हवेत? मग आधी कट्टा पारखून घ्या

कोकणकड्याची रील टाकली की बदाम धो-धो पडतात. त्याच हरिश्चंद्रगडाबद्दल रात्री जागून लिहिलेला लेख मात्र कुणी उघडलेलाही नसतो. माझं बरेच दिवस असंच चाललं होतं, कारण मी फॉलोअर मोजत बसले होते. इन्स्टाग्राम, फेसबुक, व्हॉट्सॲप हे सगळे गप्पांचे कट्टेच. ब्लॉग लिहिणाऱ्याने एकच गोष्ट तपासायची: त्या कट्ट्यावरून उठून लोक आपल्या लेखापर्यंत येतात का?

पायरी १ : लिंक माणसात आणा

हे काम कंटाळवाणं आहे, पण मराठीत लिहिणाऱ्यांनी ते टाळू नये. वर्डप्रेस या ब्लॉग-सेवेवर मराठी शीर्षक दिलं की लेखाचा पत्ताही देवनागरीत बनतो. ब्राउझरमध्ये तो छान दिसतो. कॉपी करून चिकटवला की एकेका अक्षराची नि मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात आणि टक्क्यांच्या खुणांनी भरलेली चार ओळींची लांबण तयार होते. आमच्या नात्यातल्या एका काकांना तो व्हायरस वाटला होता. गुगलची ‘ब्लॉगर’ ही सेवा मराठी अक्षरं गाळूनच टाकते आणि सगळ्या लेखांना ‘ब्लॉग-पोस्ट’ असा बिनचेहऱ्याचा पत्ता देते. उपाय दोन्हीकडे एकच. लेख प्रसिद्ध करण्याआधी पर्मालिंकच्या (म्हणजे लेखाच्या पत्त्याच्या) चौकटीत रोमन लिपीतले दोन-तीन शब्द स्वतः भरा. जुन्या लेखांच्या वाटेला जाऊ नका. ब्लॉगरवर पत्ता बदलला की आधी पसरलेल्या लिंका तुटतात.

शिवाय प्रत्येक लेखाला साधारण १२०० बाय ६३० पिक्सेलचा एक आडवा फोटो लावा. फेसबुकवर किंवा व्हॉट्सॲपवर लिंक गेली की तिच्याबरोबर तो दिसतो.

पायरी २ : वाचकाला तुमची गरज कधी पडते?

हे कागदावर लिहून काढा. माझा वाचक गुरुवारी रात्री ट्रेकच्या ग्रुपवर विचारतो, “पाचनईहून चढायचं की खिरेश्वरहून? वर पाणी मिळेल का?” माझा लेख त्याच्यासाठी आहे. रील बघणारा सोफ्यावर आडवा झालेला असतो, त्याला कुठेच जायचं नसतं. पाककृती लिहिणाऱ्याचा वाचक वेगळ्या वेळी येतो, कविता लिहिणाऱ्याचा आणखी वेगळ्या.

पायरी ३ : आता एकेक कट्टा बघा

इन्स्टाग्रामवर कॅप्शनमधली लिंक दाबून उघडत नाही. प्रोफाइलवर पाच लिंका देता येतात आणि स्टोरीत लिंकचं स्टिकर लावता येतं. म्हणजे रील आवडलेल्या माणसाने तुमच्या प्रोफाइलवर जायचं, तिथून लिंक शोधायची. एवढी तसदी कोण घेतो? ओळख वाढवायला रील ठेवा, लेख पोचवायला स्टोरी वापरा.

फेसबुकचं पेज मला थंड वाटतं. जीव आहे तो ग्रुपमध्ये. तिथे कुणी प्रश्न विचारला तर उत्तर पूर्ण तिथेच लिहा आणि शेवटी “सविस्तर इथे आहे” म्हणून लिंक द्या. नुसत्या लिंका टाकत सुटल्याबद्दल एका ग्रुपच्या ॲडमिनने मला हाकललं होतं. बरोबरच केलं त्याने.

मराठी वाचकासाठी माझं मत व्हॉट्सॲपला. एकच निरोप अनेकांना पाठवायच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो, आणि नेमकं हेच कित्येकांना माहीत नसतं. सप्टेंबर २०२३ पासून भारतात चॅनेलची, म्हणजे एकतर्फी निरोप देण्याची, सोय आली. तिथे नंबर सेव्ह असण्याची अट नाही आणि इतर फॉलोअरना तुमचा नंबर दिसत नाही. एक लेख, त्यावर दोन ओळी, बस्स. शुभ सकाळची फुलं पाठवलीत की लोक चॅनेल म्यूट करतात.

यूट्यूबवर लांब व्हिडिओच्या वर्णनातली लिंक चालते. शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि प्रतिक्रियांमधल्या लिंका मात्र ऑगस्ट २०२३ अखेरीस निकामी केल्या गेल्या. त्यात व्हिडिओ करणं हा स्वतंत्र धंदा आहे, लेख लिहून उरलेल्या वेळात होत नाही.

पाककृती, रांगोळी, विणकाम असे विषय असतील तर पिंटरेस्ट बघाच. तिथे फोटोलाच लिंक जोडलेली असते (त्याला पिन म्हणतात) आणि जुने पिनही शोधात वर येतात. राजकारण, पत्रकारिता, धोरण असं लिहीत असाल तर एक्स, म्हणजे पूर्वीचं ट्विटर.

पायरी ४ : दोनच निवडा आणि सहा आठवडे मोजा

सगळीकडे थोडं थोडं करू नका. प्रत्येक कट्ट्यासाठी लिंकला वेगळं शेपूट लावा, म्हणजे वाचक कुठून आला ते कळतं. याला यूटीएम म्हणतात आणि गुगलचं फुकट साधन ते बनवून देतं. व्हॉट्सॲपसाठी तर ते हवंच, कारण तिथून आलेला वाचक ॲनालिटिक्समध्ये (भेटी मोजणाऱ्या साधनात) बहुतेकदा ‘डायरेक्ट’, म्हणजे थेट आलेला, म्हणून नोंदला जातो. मग वाटतं, व्हॉट्सॲपवरून कुणीच येत नाही.

आकडे बघताना नुसत्या भेटी बघू नका. माणूस किती वेळ थांबला, दुसरा लेख उघडला का, हे बघा. दहा जण येऊन शेवटपर्यंत वाचत असतील तर तो कट्टा ठेवा. शंभर जण दाराशी डोकावून परत जात असतील तर सोडा. सहा आठवड्यांनी मागे पडलेला बदला.

पायरी ५ : ईमेलचा खोका लावा

ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. टिकटॉकवर भारतात जून २०२० मध्ये बंदी आली. आपल्या भाषांसाठी निघालेलं कू २०२४ मध्ये गुंडाळलं गेलं. तिथले फॉलोअर कुणाला बरोबर नेता आले नाहीत. ईमेलची यादी मात्र आपल्याच हातात राहते. म्हणून आजच प्रत्येक लेखाच्या तळाशी ईमेल घेणारा छोटा फॉर्म लावा. चौकट एकच ठेवा. फोन नंबर मागू नका; तो मागितला की आलेला माणूसही पळतो.