नव्या आमदाराचा पीए झालात? मग आधी पावत्या शोधा

विधानसभेचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला. आमचे आमदार, म्हणजे भाऊ, पहिल्यांदाच निवडून आले आणि मीही पहिल्यांदाच कुणाचा स्वीय सहायक झालो. मतदारसंघ विदर्भातला, सगळा ग्रामीण. आता ओळखीतला एखादा पोरगा 'आमदारांकडे लागलो' असं सांगायला आला, की मी त्याला आधी विचारतो, 'निवडणूक खर्चाच्या पावत्या कुठे आहेत?'

पोरगा गोंधळतो. गुलाल अजून कानामागून गेलेला नसतो. पण उमेदवाराने निकालापासून ३० दिवसांच्या आत जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे हिशेब द्यायचा असतो. विधानसभेला खर्चाची मर्यादा ४० लाख होती. कारण नसताना हिशेब दिला नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. मंडपवाला, गाडीवाला, बॅनरवाला यांच्याकडून व्हाउचर गोळा करणं हे प्रचारापेक्षा किचकट काम आहे, कारण आता त्यांना घाई नसते. आमची मुदत २३ डिसेंबरला संपत होती आणि नागपूर अधिवेशन २१ ला. मधे उरला एक रविवार. हिशेब दिल्यावरही फाइल जपून ठेवा. हरलेल्या उमेदवाराला उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करायला ४५ दिवस असतात.

शपथविधीचं फार दडपण घेऊ नका. निवडून आल्याचं प्रमाणपत्र जवळ ठेवा, एवढं पुरे. विशेष अधिवेशन ७ डिसेंबरला मुंबईत सुरू झालं, हंगामी अध्यक्ष कालिदास कोळंबकर होते. विरोधी आमदारांपैकी बहुतेकांनी पहिल्या दिवशी बहिष्कार घातला आणि दुसऱ्या दिवशी शपथ घेतली. ९ तारखेला राहुल नार्वेकर बिनविरोध अध्यक्ष झाले. शपथ न घेता सभागृहात बसलं किंवा मत दिलं तर दिवसाला ५०० रुपये दंड, असं संविधानाच्या १९३व्या अनुच्छेदात आहे. रक्कम वाचून हसू येतं, पण तरतूद आहे. या दिवसांत पीएचं काम म्हणजे अर्ज, फोटो, बँकेचे तपशील आणि आमदार निवासातली खोली. मनोरा ही आमदार निवासाची इमारत पाडल्यापासून खोल्यांची ओढाताण आहे, तेव्हा पहिल्या आठवड्यात तरी भाऊंची सोय दुसरीकडे बघून ठेवा.

खरं काम गावाकडे चालू असतं. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लोक हार आणि अर्ज एकाच हातात घेऊन येतात. डिसेंबर म्हणजे रब्बीचं पाणी चालू, त्यामुळे निम्मे अर्ज जळालेल्या डीपीचे, म्हणजे विजेच्या रोहित्राचे. बाकी पांदण (शेताकडे जाणारा) रस्ता, बदली, लाडकी बहीणचे अडकलेले पैसे, दवाखान्याचं बिल. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता, पण बाजारात तेवढा मिळत नव्हता आणि खरेदी केंद्रावर कधी ओलाव्यावरून माल परत, कधी बारदाना (पोती) नाही.

इथे नवा माणूस हमखास एकच करतो. प्रत्येकाला लेटरहेडवर शिफारसपत्र. येणारा खूश, भाऊ खूश. मला विचाराल तर महिनाभरात त्या लेटरहेडची किंमत शून्य होते, कारण तहसीलच्या टेबलावर त्याच सहीची गठ्ठाभर पत्रं पडलेली असतात. डीपीला पत्र लागत नाही. महावितरणच्या उपकार्यकारी अभियंत्याला फोन लागतो, आणि तोही रोहित्र गोदामात आहे का हे आधी विचारून. बारदान्याचा प्रश्न तालुक्यात सुटत नाही, जिल्हा पणन अधिकाऱ्याशी बोलावं लागतं. नाहीच हलला तर तो सभागृहाचा विषय. बदलीची पत्रं मी वेगळ्या फाइलला लावतो आणि त्यांची घाई करत नाही. यावर काही कार्यकर्ते अजून माझ्यावर नाराज आहेत, असू देत. आजारी माणसाचं काम मात्र त्याच क्षणी: आधी रुग्णालय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का ते बघायचं, नसेल तर मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज.

मंत्रालयात द्यायच्या पत्राची गोष्ट निराळी. मंत्र्याचा शेरा मिळाला की लोक पेढे वाटतात. 'उचित कार्यवाहीसाठी' म्हणजे फार तर पत्र पुढे सरकलं. 'तपासून सादर करावे' असेल तर फाइल निदान परत वर येते. शेऱ्यानंतर विचारायची गोष्ट एकच, कागद कोणत्या कार्यासनाकडे, म्हणजे विभागातल्या कोणत्या टेबलाकडे गेला. कार्यासन क्रमांक आणि कक्ष अधिकाऱ्याचं नाव वहीत असेल तर पाठपुरावा होतो. ते नसेल तर सहाव्या मजल्यापर्यंत चकरा होतात आणि लिफ्टवाला ओळखू लागतो, एवढाच फायदा.

आमच्या वेळी तर शेरा मागायचा कोणाकडे हाच घोळ होता. १५ डिसेंबरला नागपुरात ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली, १६ ला अधिवेशन सुरू झालं आणि खातेवाटप झालं २१ च्या रात्री, अधिवेशन संपल्यावर. आठवडाभर सगळी निवेदनं मुख्यमंत्र्यांच्या नावाने. नागपूर जवळ असल्यामुळे आमच्या गावचे लोक गाड्या करून आले. 'भाऊ, पास द्या' हे त्या आठवड्यातलं सर्वाधिक ऐकलेलं वाक्य. पास मोजके असतात. कोणाला कोणत्या दिवशी हे घरून निघण्याआधीच ठरवा, गेटवर ठरवायला गेलात तर भांडणं होतात.

सभागृहात नव्या सदस्याला वेळ मिळणं कठीण. त्या आठवड्यात परभणीतला हिंसाचार आणि मस्साजोगच्या सरपंचाची हत्या यांनी वातावरण तापलेलं होतं. तारांकित (मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात त्या) प्रश्नांची तयारी आधीपासून लागते, तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणाऱ्या लक्षवेधी सूचनांची गर्दी असते. आम्ही औचित्याच्या मुद्द्यावर, म्हणजे एखादा विषय सभागृहात थोडक्यात मांडण्यावर भर दिला. दोन मिनिटांत गाव, तारीख, आकडा आणि मागणी. भाऊ प्रचारसभेसारखे 'माझ्या मायबाप जनतेने' म्हणून सुरू करायचे, ते मी कागदावरून काढून टाकलं. पुरवणी मागण्यांवरच्या (अर्थसंकल्पानंतरच्या जादा खर्चाच्या) चर्चेत तर आपल्या तालुक्याशी जोडलेली बाब पुस्तकातून आधी हुडकून ठेवावी लागते. विधिमंडळाच्या ग्रंथालयात जुन्या कामकाजाचे खंड आहेत. तुमच्याच मतदारसंघाच्या आधीच्या आमदारांनी त्याच पुलाबद्दल काय विचारलं आणि सरकारने काय उत्तर दिलं, हे तिथे मिळतं. ते उत्तर हातात घेऊन उभं राहिलं की मंत्र्याला 'माहिती घेऊन सांगतो' म्हणणं जड जातं.

राहिला निधी. स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी, पण तो आमदाराच्या खिशात येत नाही. आमदार काम सुचवतो; अंदाजपत्रक यंत्रणा करते, प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी देतात. निवडणूक आर्थिक वर्षाच्या मध्यात झालेली, त्यामुळे सभामंडपाचे नारळ फोडण्याआधी जिल्हा नियोजन कार्यालयातून लेखी घ्या: जुन्या आमदारांनी किती कामं सुचवली, किती मंजूर, शिल्लक किती. तोंडी आकडा घेऊ नका. वर्ष ३१ मार्चला संपतं आणि अंदाजपत्रकाला शाखा अभियंता स्वतः येऊन जागा बघतो, म्हणून यादी जानेवारीतच द्या. यादीतल्या प्रत्येक जागेचा सातबारा किंवा ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा सोबत लावा. जागा खाजगी निघाली की मान्यता तिथेच अडते.