माराकेशहून एका दिवसात उरिका खोरे

मोरोक्कोतील माराकेश शहराच्या दक्षिणेला हाय ॲटलास पर्वत उभा आहे. त्यातून खाली येणाऱ्या उरिका नदीचे खोरे सकाळी निघून संध्याकाळी परतण्याइतके जवळ आहे. सेत्ती फात्मा हे वरचे गाव शहरापासून साधारण साठ-पासष्ट किलोमीटरवर, सुमारे 1500 मीटर उंचीवर आहे. सहा प्रवासी भरले की सुटणारी शेअर ग्रँड टॅक्सी सर्वांत स्वस्त पडते. पूर्ण गाडी ठरवली तर वाटेत हवे तिथे थांबता येते. मात्र भाडे, थांबे आणि परतीची वेळ बसण्यापूर्वीच बोलून घ्यावी. शनिवार-रविवारी शहरातील कुटुंबे याच रस्त्याने वर येतात, म्हणून मधला वार निवडावा आणि आठच्या आत निघावे.

सोमवार साधता आला तर उत्तमच. खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या तनीन उरिका गावाच्या नावातच सोमवार आहे, कारण त्या दिवशी तेथे आठवड्याचा बाजार भरतो. वरच्या गावांतील लोक खेचरे घेऊन उतरतात, आणि तो बाजार पर्यटकांसाठी मांडलेला नसल्यामुळेच पाहण्यासारखा असतो. याउलट, वाटेत आर्गन तेलाच्या दुकानासमोर गाडी थांबली तर नम्रपणे पुढे चलण्यास सांगावे. ज्यांच्या बियांपासून हे तेल काढतात ती आर्गनची झाडे मुख्यतः मोरोक्कोच्या नैर्ऋत्येकडील सूस आणि एसावीराच्या बाजूला वाढतात, या खोऱ्यात नव्हे.

येथील लोकांना जग बर्बर म्हणते, पण ते स्वतःला अमाझिघ म्हणवतात. त्यांची बोली ताशेलहीत ही अमाझिघ भाषेचेच एक रूप आहे, आणि 2011 च्या राज्यघटनेने अमाझिघ भाषेला अधिकृत दर्जा दिल्यामुळे सरकारी फलकांवर अरबीसोबत अमाझिघची स्वतःची तिफिनाघ लिपीही दिसते. भेटल्यावर ‘अझुल’ आणि निघताना ‘तानमिर्त’, म्हणजे धन्यवाद, एवढे दोन शब्द पाठ करून जावेत.

खानदेश-मराठवाड्यात धाब्याची घरे पाहिलेल्यांना येथील घरे लगेच ओळखू येतात: दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर काटक्या-बोरू आणि वर थापलेली माती. डोंगराच्या रंगाचीच माती असल्याने दुरून पाहताना गाव कोठे सुरू होते हे पटकन कळत नाही. खाली पायऱ्या-पायऱ्यांची शेते आणि अक्रोडाची झाडे आहेत, आणि कडेकडेने पाट वाहतो, ज्याचे पाणी पाळीने मिळते. पाटाच्या बांधावरून चालताना तो तुडवला जाणार नाही याची काळजी घ्यावी. घरांची किंवा स्त्रियांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. 8 सप्टेंबर 2023 च्या 6.8 तीव्रतेच्या भूकंपाने या प्रांतातील अनेक गावे उद्ध्वस्त केली, त्यामुळे पडक्या भिंतींसमोर उभे राहून हौसेने फोटो घेणे तर टाळावेच.

सेत्ती फात्माच्या वर सात धबधबे आहेत. पहिल्यापर्यंतची चढण अर्ध्या-पाऊण तासाची आहे, पण दगड माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेले आणि ओले असतात. चप्पल चालणार नाही, पकड असलेले बूटच घालावेत. त्यापुढे जायचे असल्यास स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि पैसे आधी ठरवावेत.

नदीपात्रात खुर्च्या मांडलेली उपाहारगृहे दिसायला मोहक आहेत, पण 17 ऑगस्ट 1995 रोजी याच नदीला अचानक आलेल्या पुरात शेकडो माणसे वाहून गेली. डोक्यावर ऊन असले तरी वरच्या शिखरांवर ढग गडद झाले किंवा पाणी गढूळ होऊ लागले, तर ताट तसेच सोडून काठावर चढावे.

जेवणाची एक युक्ती सांगतो. ताजिन, म्हणजे शंकूसारख्या झाकणाच्या मातीच्या भांड्यात मंद आचेवर शिजणारा पदार्थ, तयार व्हायला तासभर तरी लागतो. म्हणून धबधब्याकडे निघण्यापूर्वीच तो सांगून ठेवावा. शाकाहारी मंडळींनी ‘भाज्यांचा’ एवढ्यावर न थांबता मांस आणि त्याचा रस्साही नको, हे स्पष्ट सांगावे. पुदिन्याचा चहा बराच गोड असतो, साखर कमी हवी असल्यास किटली चुलीवर चढण्याआधीच बोलावे. शेअर टॅक्सीने परतायचे असेल तर चारच्या सुमारास अड्ड्यावर यावे, कारण उशीर झाला की सहा प्रवासी जमायलाच फार वेळ लागतो.